पिठातलं पाऊल

माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या, झुंबरबाईंच्या, गोठ्यात एक रेडा आहे. त्याचं नाव सम्राट. हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. सम्राट हे माझ्या पुतण्याचं नाव होतं. पुढचं ऐकताना कोणी हसलेलं मला खपणार नाही.

पुतण्या चोविसाव्या वर्षी गेला. गगनबावड्याचा रस्ता, पाऊस, मोटारसायकल, आणि हेल्मेट घरात खुंटीला. त्या पोरावर माझा अजून राग आहे. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणोत.

जाऊबाईंना मी अक्का म्हणते. अक्कांनी अंथरूण धरलं. अन्न नाही, पाणी कोणी तोंडाला लावलं तर दोन घोट. नवव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, दवाखान्यात हलवा, नाहीतर हातची जाईल. अक्का हलायला तयार नाहीत. माझे थोरले दीर आकाराम, म्हणजे भाऊजी, त्यांची वेगळीच तऱ्हा. जन्मभर म्हशींशी गप्पा मारणारा माणूस मुका झाला. पोराचं नाव तर त्यांनी ओठांवर येऊच दिलं नाही. कोणी 'सम्राट' म्हटलं की उठून गोठ्यात जायचे.

आमच्यात दहाव्याला संध्याकाळी दिव्याजवळ परातीत पीठ पसरतात आणि वर टोपली, आमच्याकडची बुट्टी, पालथी घालतात. सकाळी पिठात जे पाऊल उमटलेलं दिसेल, त्या जन्माला माणूस गेला असं समजतात. पाखराचं, सापाचं, माणसाचं, काहीही. मी हायस्कुलात विज्ञान शिकवते. माझा यावर विश्वास नाही, पण त्या घरात त्या दिवशी कोण माझा विश्वास विचारणार होतं?

पहाटे धारेची भांडी घ्यायला मी आत गेले, तर भाऊजी परातीपुढं उकिडवे बसलेले. बुट्टी बाजूला. त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं पिठात दाबली, बुट्टी झाकली आणि गोठ्यात गेले. तिथं मोना म्हैस नुकतीच व्यायली होती. नर रेडकू झालं होतं.

उजाडल्यावर भावकीसमोर बुट्टी उचलली. दोन नखांचा खूर. गल्लीतले हंबीरराव अशा गोष्टीत कायम पुढं. त्यांनी चष्मा पुसला, वाकून बघितलं आणि सांगितलं, "एक नख आखूड हाय. सम्राटचा डावा पाय मोडलाता न्हवं? ह्यो त्योच. आलाय परत."

माझ्या ओठांवर आलं होतं सगळं. तेवढ्यात अक्का उठल्या. भिंत धरून गोठ्यात गेल्या, त्या ओल्या रेडकाचं तोंड मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "पानी द्या." मी तांब्या भरून दिला आणि तोंड बंद ठेवलं.

रेडकाला गवळ्याच्या घरी कोण विचारतं? दूध देत नाही, म्हणून पंधरा दिवसांत देऊन टाकतात. अक्कांनी त्याला मोनाच्या एका सडाचं अख्खं दूध सोडलं. भाऊजी त्याला सम्राट म्हणून हाक मारायला लागले. लोक तोंडावर नमस्कार करायचे आणि संध्याकाळी आम्ही म्हशी उभ्या करून धारोष्ण दूध विकतो त्या कट्ट्यावर प्यायला आले की टिंगल. मुरगूडहून एक बाई नारळ घेऊन आली, माझी लेक कुठं जन्मली ते तुमच्या रेड्याला विचारा म्हणून. अक्कांनी तिला जेवू घातलं आणि नारळ परत दिला. अशी तीन वर्षं गेली.

मग तो दिग्दर्शक आला. नाव आदर्श. नावात काही नसतं हे त्या माणसामुळं मला पटलं. त्याला पुनर्जन्मावर सिनेमा करायचा होता. दुःखात बुडालेली आई, परत आलेला मुलगा. "प्रेक्षक अस्वस्थ होऊन बाहेर पडला पाहिजे," असं तो चहा पिता पिता म्हणायचा. यांना अस्वस्थ व्हायला तिकीट काढावं लागतं. आमच्याकडं ते घरपोच आलं होतं.

आता माझी चूक सांगते. ती मीच केली. आदर्श एकदा म्हणाला, "तुम्ही सगळेच यावर श्रद्धा ठेवता, किती सुंदर." माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी शिकलेली आहे हे त्याला दाखवायची खाज सुटली. म्हटलं, कसली श्रद्धा, आमच्या भाऊजींनी बोटांनी केलं ते, मी डोळ्यांनी बघितलंय. त्यानं कप खाली ठेवला. वहीत लिहिलं. तीन वर्षं राखलेली गोष्ट मी एका कप चहाच्या वेळात उधळली.

महिन्याभरात सिनेमाचा शेवट बदलला. आता शेवटी बाप पिठात बोटं दाबताना आई बघते आणि तिला वेड लागतं. चित्रीकरण आमच्याच गोठ्यात. भाऊजींनी गोठा द्यायचं आधीच कबूल केलेलं, शब्द दिला म्हणजे दिला. मी आदर्शच्या पाया पडायची बाकी होते. हा प्रसंग दुसरीकडं घ्या, नाहीतर निदान अक्का घरात नसताना घ्या. तो म्हणाला, "ताई, खऱ्या जागेची ताकद वेगळी असते."

त्या दुपारी गोठ्यात दिवे, वायरी, पन्नास अनोळखी माणसं. अक्कांना पुढं खुर्ची दिलेली. मी म्हटलं, "अक्का, चला, बाजारात जाऊन येऊ." त्या म्हणाल्या, "बस की. बघू दे." तेव्हा माझं लक्ष गेलं. एक कॅमेरा परातीवर होता आणि दुसरा अक्कांच्या तोंडावर. त्या हरामखोराला नटीचं वेड नको होतं. त्याला खरं हवं होतं.

बापाचं काम करणाऱ्या नटानं दोन बोटं पिठात दाबली. सुबक खूर उमटला. भाऊजी गव्हाणीकडं तोंड करून उभे होते. त्यांचे खांदे मला दिसत होते. मी अक्कांचा दंड धरला, म्हटलं आता ही बाई जाते.

अक्का उठल्या. चालत परातीपाशी गेल्या आणि तळव्यानं ते पाऊल पुसून टाकलं.

"ह्ये न्हवं," त्या म्हणाल्या. "एक नख आखूड हुतं."

आदर्शनं हातानंच खूण केली, कॅमेरा चालू ठेवा.

"अवो, हिकडं या," अक्कांनी भाऊजींना हाक मारली. ते आले. अक्कांनी त्यांचा उजवा हात धरला आणि दोन बोटं पिठात दाबली. भाऊजींचं मधलं बोट कडबाकुट्टीच्या यंत्रात अर्धं गेलंय. वीस वर्षं झाली, आमच्या ते लक्षातही येत नाही. पिठात एक लांब नख उमटलं आणि एक आखूड. मी विज्ञानाची बाई, समोर उभी राहून बोटं दाबताना बघितलेली, आणि मला कधी सुचलं नव्हतं.

भाऊजी त्या खुराकडं बघत म्हणाले, "तुला ठावं हुतं?"

"तीस वर्सं ह्या हातात च्याचा कप देतुया. मला बोट वळकत न्हाय व्हय?"

"मग कवा बोलली न्हाईस ती?"

"पोरगं गेल्यापासनं तुमी त्येचं नाव घेतलं न्हवतं. त्या दिशी रेडकाला बगून पयल्यांदा घेतलंसा. बोलले असते तर परत गप बसला असता."

मग त्या आदर्शकडं वळल्या. "पावणं, झालं असंल तर गोठा मोकळा करा. धारंची येळ झाली."

मी त्याच्या अंगावर गेले. हे सगळं पुसून टाक म्हटलं, शिव्या दिल्या, माझ्या वर्गात ऐकल्या असत्या तर पोराला बाहेर काढलं असतं अशा. तो म्हणाला, "ताई, हे सोनं आहे." सिनेमात ते सगळं आहे. लोक अस्वस्थ होऊन बाहेर पडतात म्हणे. बक्षीसही मिळालं. मी बघितला नाही, बघणार नाही, आणि तो माणूस परत या गल्लीत दिसला तर शेणाची पाटी त्याच्या डोक्यावर रिकामी करीन.

स्वतःला काय शिक्षा करावी ते मात्र मला अजून समजलेलं नाही.

त्यांच्या गाड्या गेल्यावर भाऊजी चाऱ्याची पेंडी घेऊन रेड्यापुढं उभे राहिले. हाक मारेनात. रेडा मान वर करून त्यांच्याकडं बघत होता. अक्का मोनाच्या कासेशी बसल्या होत्या. धार न थांबवता त्या म्हणाल्या, "मारा की हाक. त्येला काय ठावं, कुनाचं नाव हाय ते."

भाऊजी म्हणाले, "सम्राट." आणि पेंडी तशीच हातात धरून, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, हंबरडा फोडून रडले.