गोरसपाक घेऊन आलेल्या पाहुण्या

प्रवासवर्णनात गावाचं नाव न सांगणं म्हणजे जेवायला बोलावून ताट न वाढणं. तरी मी सांगणार नाही. वर्ध्याहून हिंगणघाटच्या अंगाला एस.टी. जाते, त्या बाजूचं एक गाव, एवढ्यावर भागवून घ्या. माणसांची नावं आणि ओळखू येतील अशा खुणाही मी बदलल्या आहेत.

सांगलीहून निघाले ती मंदासाठी. मंदा माझी कॉलेजातली मैत्रीण. एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्रात ती कित्येक वर्षं कंत्राटावर समुपदेशक होती. प्रकल्पाचा निधी आटला आणि तिची जागा गेली. फोनवर आवाज बरा वाटला नाही, म्हणून म्हटलं, जाऊन येऊ.

वर्ध्यात उतरल्यावर मी आधी गोरसपाक (तुपातलं खुसखुशीत बिस्किट) घेतलं आणि रिक्षातच निम्मा पुडा संपवला. मंदा हसली नाही. संध्याकाळी म्हणाली, "उद्या एका घरी जायचंय. सोबत चल, पण काही विचारू नकोस." मी विचारलं नाही. तिच्या पोटातली गोष्ट काढणं कॉलेजातही कुणाला जमलं नव्हतं.

सकाळच्या एस.टी.त गारठा होता. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी (कपाशीची झाडं) फुटून पांढरी झाली होती आणि बाया वेचणीला लागल्या होत्या. कुणाच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून मी गोरसपाकाचा नवा पुडा घेतला होता आणि ठेवणीतली साडी नेसले होते. तिथंच घोळ झाला.

गावाच्या फाट्यावर एका बाईनं विचारलं, कोणाकडे. मंदानं शीलाबाईचं नाव सांगितलं. बाईनं माझी साडी पाहिली, हातातला पुडा पाहिला आणि तिचा चेहरा खुलला. "प्रज्ञाले पाहाले आल्या का?"

मंदानं माझ्या साडीकडे पाहिलं. मग "हो" म्हणाली.

बातमी आमच्या आधी घरी पोचली. आम्ही गेलो तोवर अंगण झाडून सतरंजी अंथरली होती. शीलाबाई शेतमजुरी करणारी, नवरा वारलेली, हडकुळी बाई. मंदाला पाहून तिचा चेहरा उतरला, पण पाठोपाठ ती फाट्यावरची शेजारीण आत आली तशी शीलाबाई हसून म्हणाली, "या पाहुणे." देण्याघेण्याचं बोलायचं म्हणून तिनं मंदाला स्वयंपाकघरात नेलं. बाहेर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली मी आणि शेजारीण. घाईनं नेसलेल्या साडीत प्रज्ञा पोहे घेऊन आली.

मुलगा काय करतो, असं शेजारणीनं विचारलं. माझ्या मुलाचं लग्न कधीच झालंय. मी पुण्यात बँकेत असलेला, निर्व्यसनी, उंचापुरा एक पुतण्या तिथल्या तिथे जन्माला घातला. प्रज्ञानं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. "लग्नानंतर शिकू देतीन का ते?"

ती नर्सिंगला होती. मी म्हटलं, "का नाही देणार?" आणि पोह्यांची बशी खाली ठेवली.

फाट्यापर्यंत पोचवायला शीलाबाई एकटीच आली. वाटेत तिनं आपणहून मला सगळं सांगितलं. नवरा त्याच आजारानं गेला, तिलाही तो आहे, पोरीला माहीत नाही. वर्ध्याला शुगरच्या गोळ्यांना जाते, असं ती गावात सांगे. एस.टी.त गोळ्या खडखडू नयेत म्हणून बाटलीत कापूस भरून आणी. मग औषध घराजवळच मिळावं, गरिबाची मजुरी बुडू नये, असं वर ठरलं आणि तिचं कार्ड जवळच्या दवाखान्यात गेलं. तिथल्या खिडकीत बसलेला माणूस तिच्याच गल्लीचा जावई होता. ती दारातूनच परतली. तेव्हापासून गोळी नाही.

मंदा खाली बघत म्हणाली, औषध जवळ आणा म्हणून बैठकांमधून मीच भांडत होते. रुग्णाचं नाव फुटू नये असा कायदा आहे, हेही तिनं सांगितलं.

"जवळ देल्लं, चांगलं केलं," शीलाबाई म्हणाली. "पन जवळच तं सारे ओळखीचे राह्यतात, ताई. मानूस पाह्यते, त्याले कायदा काय करन? प्रज्ञाचं लगन होऊ द्या, मंग कुठंबी घेईन मी."

"लग्नापर्यंत तू राहायला हवीस ना?" मंदा म्हणाली. शीलाबाईनं स्वतः येऊन मागितलं तर कार्ड वर्ध्याला परत येईल, नोकरी नसली तरी खिडकीपर्यंत मी सोबत येईन, असंही तिनं सांगितलं. एस.टी. दिसू लागली तेव्हा शीलाबाई हळूच म्हणाली, "येतो मंगळवारी."

ती आली. मी सांगलीला पोचल्यावर मंदानं फोन करून सांगितलं, बाटलीत कापूस भरून औषध घेऊन गेली. त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली.

थोड्या दिवसांनी पुन्हा फोन आला. गाव निरोपाची वाट बघत होतं. आमचं काही ठरल्याशिवाय दुसरं स्थळ कोण सुचवणार? मी म्हटलं, नकार मुलीकडून आला असं शीलाबाईला गावात सांगू दे, म्हणजे पोरीला कमीपणा नको.

"प्रज्ञानं होकार दिलाय," मंदा म्हणाली. "शिकू देणारं घर आहे म्हणते."

शेवटी नकार आमच्याकडूनच गेला. नकाराचं कारणही शीलाबाईनंच सुचवलं. "पोरगी काळी हाये म्हना. त्याच्यावर कोनी काई पुसत नाई." मी तसं कळवलं.

प्रज्ञाची आई आता औषध घेते आहे. मुलगी मला मनापासून आवडली होती, हे तिला सांगायची सोय नाही. हे लिहिलेलं तिच्या हाती पडलं, तरी ती स्वतःला ओळखणार नाही. तशी काळजी मी घेतली आहे.