न दिलेला हँगर

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी दोन-तीन वर्षं वाचतोय, खरं सांगायचं तर टाइमपास म्हणून. नाशिकच्या अंबडला, कारखान्याच्या टूल रूममध्ये बावीस वर्षं झाली मला. दसऱ्याला मशीनला हार घालतात तेव्हा मी पेढा खातो, पण हात जोडत नाही. नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधायला निघालेल्या बायकोशी भांडलोय. त्यामुळे "माझा आधी विश्वास नव्हता, पण..." असं कुणी लिहिलं की मला हसू यायचं. आता तेच वाक्य लिहायला मी बसलोय. हसा खुशाल.

गोष्ट गेल्या वर्षीची, उन्हाळा नुकता लागला होता. सायकलची लांब पल्ल्याची रेस होती. नाशिकहून निघायचं, सिन्नर, येवला, मनमाड, मालेगाव, सटाणा, मग सुरगाणा-पेठच्या डोंगरातून परत. साडेतीनशेच्या वर किलोमीटर. सेल्फ-सपोर्टेड. म्हणजे सगळं आपलं आपण. मागे गाडी नाही, बायकोने डबा आणून द्यायचा नाही. दुकानातून विकत घ्या, टपरीवर पाणी मागा, बसस्टँडवर आडवे व्हा... जे सगळ्यांना मिळू शकतं तेवढंच घ्यायचं. आणि सोलोमध्ये उतरलेल्या रायडरने दुसऱ्याला काहीही द्यायचं नाही. ट्यूब नाही, पंप नाही, खजूरसुद्धा नाही. दिलं तर दोघेही बाद.

माझ्याबरोबर हेमंत होता. सिन्नर तालुक्यात झेडपीच्या शाळेत शिक्षक. आठ वर्षं आम्ही एकत्र सायकल चालवली. माझ्या मोजमापाच्या सवयीवरून तो मला 'मायक्रॉन' म्हणायचा. आमच्या सायकली एकाच दिवशी घेतलेल्या, एकच मॉडेल, फक्त रंग वेगळे.

हे मॉडेलचं सांगतोय कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सायकलचा मागचा गिअर एका बोटाएवढ्या अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यावर लटकलेला असतो. त्याला हँगर म्हणतात. प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा. तो मोडला की सायकल जवळपास निकामी, आणि येवल्या-मनमाडच्या दुकानात तो मिळत नाही. म्हणून जाणता रायडर एक स्पेअर बरोबर ठेवतो.

माझा स्पेअर एका छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत होता, त्यावर टेप गुंडाळलेली. त्या हँगरवर माझी खूण होती. टूल रूममध्ये आपल्या वस्तूवर खूण पंच करावी लागते, नाहीतर शेजारचा बिनदिक्कत उचलतो. माझी खूण तीन टिंबं आणि खाली आडवी रेघ. माझ्या प्रत्येक पान्यावर ती आहे. बायको म्हणते, माझ्या कपाळावर नाही ठोकली हे नशीब.

पहाटे पाचला निघालो. सिन्नरनंतर हेमंत नेहमीसारखा पुढे गेला. येवला सोडलं, अनकाईचे डोंगर समोर आले, दुपारचा एक वाजत आला होता. रस्त्याच्या कडेला बाभळीखाली हेमंत बसलेला. सायकल उलटी ठेवलेली. चाकात फांदी जाऊन हँगर तुटला होता.

"मायक्रॉन, हँगर गेला," तो म्हणाला.

"स्पेअर?"

"घरी. टेबलावर, पोरांच्या पेपरांखाली." स्वतःवरच हसला तो.

मी सायकलवरून उतरलोही नाही. एक पाय जमिनीवर टेकवून उभा होतो. त्याने एकदा माझ्या बॅगेकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. मागितलं नाही. हेमंत मागणाऱ्यातला नव्हताच.

"सोलो आहे रे," मी म्हणालो.

"अरे, मी कुठे काय म्हणतोय? जा तू. मी एसटीने घरी जातो. त्या रसवंतीवर बाटली भरून घे, मनमाडपर्यंत पाणी नाही."

मी गेलो.

इथे खरं लिहितो, नाहीतर लिहिण्यात अर्थ नाही. नियम होता, हे बरोबर. पण नियमासाठी मी गेलो नाही. आठ वर्षांत एकदाही मी हेमंतच्या पुढे नव्हतो. प्रत्येक फिनिशला तो चहा पीत बसलेला असायचा आणि म्हणायचा, "या साहेब, उशीर केलात." त्या बाभळीपासून पुढे निघालो तेव्हा मला आनंद झाला होता. चांगला झाला होता. चढावर मी शीळ घालत होतो.

मनमाडला जेवलो, पाठ टेकली, पुढे निघालो. मालेगावच्या चेकपॉइंटला पोचलो तेव्हा साडेपाच झाले असतील. तिथला व्हॉलंटियर फोनवर बोलत होता. माझ्याकडे बघून त्याने फोन ठेवला. मग म्हणाला, हेमंत सरांना मागून ट्रकने उडवलं. मालेगावच्या अलीकडे दहा-बारा किलोमीटरवर. जागेवरच गेले.

माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं, तर "तो तिथे कसा?"

तो अनकाईहून एसटीने घरी जाणार होता ना!

रात्र सरकारी दवाखान्यात गेली. सकाळी वहिनी, म्हणजे हेमंतची बायको, आणि तिचा भाऊ कागदपत्रांत होते, म्हणून सायकल ओळखायला पोलीस ठाण्यात मी गेलो. मागच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. पुढचं चाक वाकडं, हँडल तुटलेलं. मागची बाजू मात्र शाबूत. मी खाली बसलो आणि बघितलं... नवाकोरा हँगर. त्यावर तीन टिंबं आणि खाली आडवी रेघ.

माझी सायकल चेकपॉइंटवरच होती. तिथे जाऊन बॅग उघडली. पिशवी होती. टेप मी गुंडाळली होती तशीच, टोक आत दुमडायची माझी पद्धत आहे, तेही तसंच. पिशवी हाताला हलकी लागली. टेप कापली. आत काही नव्हतं.

हेमंतने माझ्या सायकलला हात लावला नव्हता. मी तिच्यावरून उतरलोच नव्हतो, हे वर लिहिलंय.

तेराव्यानंतर वहिनीकडे गेलो. ती एकटीच होती. पाणी दिलं आणि समोर बसली.

"भाऊजी, त्या दिवशी त्यांचे दोन फोन आले होते. पहिला एकच्या सुमारास. म्हणाले, सायकल मोडली, येतोय घरी, रात्रीला खिचडी टाक. आवाज पडलेला होता. मग दोनला परत फोन. म्हणाले, खिचडी राहू दे, मायक्रॉन माघारी आला. काही बोलला नाही, हँगर हातात ठेवला आणि गेला. म्हणाले, बघ, तू उगाच त्याला नावं ठेवतेस."

मी पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"तुम्ही दिला नसता तर ते घरी आले असते," ती म्हणाली. "हे माझ्या मनात येतं. खोटं कशाला बोलू? पण राग नाही धरत मी. लय खूश होते हो फोनवर."

मला तेव्हाच सांगायला हवं होतं. वहिनी, मी दिला नाही. मी शीळ घालत गेलो. पण मग तिच्याकडे उरलं काय असतं? नवरा तर गेलाच होता. त्याला शेवटच्या दिवशी मित्राने रस्त्यावर सोडून दिलं, हेही तिला देऊ?

दुसऱ्याच रविवारी मी अनकाईला गेलो. रसवंतीवाल्या मावशीने मला लांबूनच ओळखलं.

"तुमीच ना ते सायकलवाले? ते मास्तर गेले म्हनं. लय वाईट झालं."

"मावशी, मी त्या दिवशी तुमच्याकडे किती वेळा आलो?"

"दोनदा. पयल्यांदा पानी भरून गेले. मंग अर्ध्या तासानं उलटे आले. मास्तरपाशी उभे राह्यले, मुठीतून कायतरी दिलं न गेले. मी हाक मारली, म्हनलं दादा रस घ्या. बघितलं बी नाय तुमी."

"मीच होतो? नक्की?"

"आता बाई! हीच टोपी, हीच सायकल." तिने मला वरखाली न्याहाळलं. "एकच गोष्ट मला तवाच खटकली. एवढं ऊन, अन् तुमच्या अंगाला घाम नाय. टिपूस बी नाय."

घरी येऊन ट्रॅकर काढला. प्रत्येक रायडरच्या सायकलला तो असतो, दर पाच मिनिटांनी नकाशावर जागा नोंदवतो. माझे ठिपके सरळ अनकाईहून मनमाडला गेलेले. एकही मागे नाही. मावशी म्हणते त्या वेळेला मी मनमाडच्या हॉटेलात थाळी खात होतो. तिथल्या सगळ्या ठिपक्यांची जागा एकच.

मी मोजमापाचा माणूस आहे. दुसरा रायडर असेल म्हणावं, तर खूण माझी. मावशीचा गैरसमज म्हणावा, तर हेमंतचाही? आठ वर्षांच्या मित्राला तो हातभर अंतरावरून ओळखणार नाही? उन्हाने माझंच डोकं फिरलं म्हणावं, तर ठिपके काय उन्हाने फिरले? आणि ती न उघडलेली टेप... तिच्यापाशी येऊन मी रोज थांबतो.

सगळ्यात जास्त छळतं ते वेगळंच आहे. मी जसा होतो तसाच राहिलो असतो, स्वार्थी, तर हेमंत त्या रात्री खिचडी खाऊन झोपला असता. कुणीतरी माझं तोंड घेऊन चांगुलपणा केला आणि त्यात तो गेला. म्हणजे मी दोन्हीकडून दोषी. दिला तरी, नाही दिला तरी. सायकल मी पुन्हा चालवलेली नाही. झोपेच्या गोळ्या चालू आहेत. बायकोला वाटतं मित्राचं दुःख आहे. ते आहेच.

परवा वर्षश्राद्ध झालं. पंगत उठल्यावर वहिनीने मला ओसरीवर गाठलं.

"भाऊजी, एक विचारू? फोनवर ते म्हणाले होते, मायक्रॉन थांबलाच नाही, थँक्यू म्हणायचं राहिलं. सारखं मनात येतं माझ्या. तुम्ही जाताना मागून ओरडले असतील ना? ऐकलंत का तुम्ही?"

"हो वहिनी," मी म्हणालो. "ऐकलं."

तिने डोळ्यांना पदर लावला आणि माझ्यापुढे हात जोडले. मी ते जोडू दिले.

मंडळी, कुणाला यातलं काही कळत असेल तर लिहा. फक्त 'तुम्हीच दिला असेल आणि विसरला असाल' असं लिहू नका. मला सगळं आठवतं. हेमंतने माझ्या बॅगेवरून काढून घेतलेली नजर आठवते. नियमात दुसऱ्या रायडरची कुठलीच मदत बसत नव्हती, तरी त्याने मला पुढे पाणी नाही म्हणून सांगितलं होतं. आणि ते ऐकून रसवंतीवर बाटली मात्र मी भरून घेतली होती.