निरंक शहराचा हिरवा चौकोन

दोन हजार नऊ साली स्वाईन फ्लूची साथ आली, तेव्हा मी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका संस्थेत कामाला होते. खाली जीन्स शिवायचा कारखाना, वर आमचं ऑफिस. साथ आली तशी खालच्या मशिनी जीन्स सोडून मास्क शिवायला लागल्या आणि वर आमच्या साहेबांना डॅशबोर्ड सुचला. दोघांनाही एकाच आठवड्यात धंदा सापडला, असं मी आज म्हणते. तेव्हा मला साहेबांचं फार कौतुक होतं.

साहेब निवृत्त अधिकारी. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांतल्या सरकारी यंत्रणा साथीशी कशा लढतायत, ते त्यांना एकाच कागदावर शेजारी शेजारी बघायचं होतं. ‘कोण काम करतंय आणि कोण झोपलंय, हे एका नजरेत कळलं पाहिजे,’ ते म्हणाले. मी संख्याशास्त्र शिकलेली, बदलापूरजवळच्या चामटोलीहून कॉम्प्युटरवर काम करायला येणारी. घरी बाबा सगळ्यांना सांगत सुटले होते की डुकराच्या तापाचा हिशोब आमची पोरगी ठेवते. हुरळली मेंढी आणि लागली लांडग्याच्या मागे.

एक्सेलमध्ये मी तीन शहरांचे तीन रकाने केले. खाली ओळी: रुग्ण किती, गोळ्यांचा साठा किती, अहवाल वेळेवर आला का. आकडा भरला की चौकोनाचा रंग आपोआप बदलायचा. रुग्ण कमी तर हिरवा, जास्त तर लाल. शिवाय लाल चौकोनावर क्लिक केलं की तो कुठल्या आरोग्य केंद्रामुळे लाल झालाय तेही दिसायचं. ही सोय साहेबांनी मागितली नव्हती. ती मी माझ्या हौसेने केली होती.

आकडे दर शनिवारी केंद्रांकडून फोनवर नाहीतर फॅक्सवर यायचे. सरकारी कामात एक जुनी रीत आहे. कळवण्यासारखं काही नसेल तर कागद कोरा ठेवत नाहीत, ‘निरंक’ लिहून पाठवतात. काही ठिकाणी त्या रितीला फाटा फुटला होता. कळवण्यासारखं असलं तरी निरंकच लिहायचं, म्हणजे वरून प्रश्न येत नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. माझ्या कागदावर निरंक म्हणजे शून्य होतं आणि शून्याचा रंग हिरवा होता.

तीनपैकी एका शहरातल्या केंद्रावर एक सिस्टर होत्या. शहर कुठलं ते सांगत नाही. पन्नाशीला आलेल्या, वर्षावर्षाच्या करारावर काम करणाऱ्या. दुसऱ्याच शनिवारी त्यांचा फोन आला.

“मॅडम, निरंक लिहू का खरं लिहू?”

“म्हणजे? पेशंट आहेत ना?”

“आहेत ना. मी घरोघर फिरले म्हणून सापडले. बाकीचे फिरतच नाहीत, तर सापडणार कुठून? पण माझं परमनंट नाही, मॅडम. कॉन्ट्रॅक्ट आहे. उद्या लफडं झालं तर मला कोण बघणार?”

“खरंच लिहा, सिस्टर. आकडा दिसला तरच गोळ्या येतील. आणि तुमचं नाव कुठेच येणार नाही.”

हा शब्द द्यायला मला कोणी सांगितलं नव्हतं. गोळ्या माझ्या हातात नव्हत्या आणि नाव येणार नाही म्हणताना ती क्लिकची सोय मला आठवलीसुद्धा नाही. त्यांनी विश्वास ठेवला. पान भरून नावं फॅक्सने आली. प्रत्येकापुढे वय, घरात म्हातारं कोण, पोटुशी कोण, ताप असून शहाडला कंपनीत ड्युटीवर कोण गेलंय. इतकं नीट काम त्या सबंध साथीत माझ्याकडे दुसरीकडून आलं नाही. मी ती नावं मोजली, एका आकड्यात बसवली, आणि त्या शहराचा चौकोन लालभडक झाला. बाकीचे दोन हिरवेगार राहिले.

साहेबांनी रंगीत प्रिंट काढून तिन्ही शहरांतल्या अधिकाऱ्यांच्या बैठकीत वाटल्या, लॅपटॉप उघडून क्लिकही करून दाखवलं. अधिकारी खूश झाले म्हणे. त्या आठवड्यात त्या केंद्राला गोळ्या आल्या नाहीत. सिस्टरना नोटीस आली, आपल्याच क्षेत्रात रुग्ण का वाढले याचा खुलासा करावा. चोर सोडून संन्याशाला फाशी. खुलासा त्यांनी दिला. तोच आठवडा संपायच्या आत करार संपवल्याचं पत्रही आलं.

मी साहेबांकडे गेले. म्हटलं, घरभेटींची एक ओळ वाढवू या, म्हणजे शोधलं कोणी आणि लपवलं कोणी ते कळेल. त्यांनी चष्मा काढून पुसला. “आता मधेच निकष बदलले तर तुलना कशी करणार? आकडे आकडे असतात.” मला संताप आला. तो संताप घेऊन मी गुपचूप जागेवर जाऊन बसले. राजीनामा दिला नाही, बैठकीतल्या कोणाला पत्र लिहिलं नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

सिस्टरनी त्यानंतर एकदाच फोन केला. मला त्या शिव्या देतील असं वाटलं होतं. त्या दिवशी त्यांनी मला मॅडम म्हटलं नाही.

“पोरी, माझं जाऊ दे. त्या यादीतल्या दोघी जणी पोटुशी आहेत. नव्या बाईला सांग, त्यांच्याकडे रोज जायला लागेल.”

मी हो म्हटलं. शनिवारी नव्या बाईंचा फोन आला तेव्हा मी आधी तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, “यादीबिदी मला कोणी दिली नाही, मॅडम. लिहून घ्या, निरंक.” मी यादी फॅक्स केली. दोनदा केली. उत्तर आलं नाही, आणि आपण स्वतः उठून जावं एवढी धमक माझ्या अंगात नव्हती. त्या दोघींचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही.

शून्य मीच भरलं. लाल चौकोन हिरवा झाला. साहेब माझ्या खुर्चीमागे उभे होते. म्हणाले, “बघितलंस? याला म्हणतात डॅशबोर्डचा परिणाम.”

पुढच्या वर्षी मी मुंबईतल्या एका मोठ्या कंपनीत मुलाखतीला गेले, तेव्हा फाइलमध्ये त्याच दोन आठवड्यांच्या प्रिंट होत्या, एक लाल आणि एक हिरवी. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी दोन्ही शेजारी ठेवल्या आणि विचारलं, एका आठवड्यात एवढा फरक कसा पडला?

मी म्हटलं, “तातडीने उपाययोजना झाली.”

नोकरी मला लागली.