पितळी माउथपीस आणि गैरहजर नवरदेव

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न एकाच संध्याकाळी दोनदा लागलं. नवरा दोन्ही वेळा एकच होता. फक्त पहिल्या वेळी तो हजर नव्हता.

मी स्वभावाने कमी बोलणारा. घरात हा विषय निघाला की पाणी प्यायला उठतो. (माझ्याइतकं पाणी अख्ख्या पिंपरीत कुणी प्यायलं नसेल!) पण परवा कुसुमची मुलंच विचारायला लागली, "मामा, आई सांगते तसं खरंच झालं होतं?" तसं नव्हतं झालं. त्याहून वाईट झालं होतं.

तेव्हा पिंपरीतला कारखाना नवाकोरा होता आणि मी तिथे कारकून. वडील गेलेले, त्यामुळे कुसुमच्या लग्नाचा कर्ता मीच. आता लग्न ठरल्यावर कर्ता पुरुष आधी काय आणतो? कुणी तांदूळ आणतो, कुणी मांडवाचे बांबू. मी सॅक्सोफोन आणला. खडकीच्या मोडबाजारात पडला होता, लष्कराच्या बँडमधून निवृत्त झालेला. अंगावर पोचे, निम्म्या कळा गंजून बसलेल्या, आणि माउथपीस नाही. म्हणजे जो तुकडा ओठांत धरून फुंकायचं, तोच गायब! पण मला घाई. नवरदेवाला मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत स्वतः वाजवत आणायचं, असं मी आईला सांगून बसलो होतो.

"अरे, सरळ वाजंत्री सांग की," आई म्हणाली.

"वाजंत्री सगळेच सांगतात, आई."

"सगळे सांगतात म्हणून तर सगळ्यांची लग्नं लागतात!"

एका बँडवाल्याने मला सांगितलं होतं, "साहेब, प्रत्येकाच्या फुंकीचं एक माउथपीस असतं. ते सापडलं की आवाज सापडला." झालं! मी आवाज शोधायला लागलो. आधी सुताराकडून सागवानी तुकडा करून घेतला. पहिल्याच फुंकीला शेजारच्या काकू त्यांची शेळी अडली की काय म्हणून धावत बाहेर आल्या. मग क्लॅरिनेटचं जुनं माउथपीस सुतळी गुंडाळून बसवलं. त्यातून आवाज आलाच नाही. मला मात्र घेरी आली, आणि कुसुमने तोंडावर पाणी मारलं.

"दादा," ती म्हणाली, "माझ्या लग्नात तू नुसता उभा राहिलास तरी चालेल रे."

शेवटी कारखान्यातल्या गणपत टर्नरला गाठलं. त्याने जन्मात सॅक्सोफोन पाहिला नव्हता, पण लेथवर काहीही कातून देईन, ही त्याची प्रतिज्ञा.

"भोक केवढं ठेवू, राव?"

"आवाज भरदार पाहिजे."

"मंग मोठंच ठेवतो!"

ते पितळी माउथपीस माझ्या हातात पडलं ते थेट लग्नाच्या दिवशी, दुपार कलल्यावर.

इथे भोंग्याबद्दल सांगायला हवं. आमच्या वस्तीत घड्याळं चार आणि त्यांतली चालू एक. आमचं सगळं चालायचं कारखान्याच्या भोंग्यावर. भोंगा झाला की चुली पेटायच्या, भोंगा झाला की पोरं शाळेत पळायची. मुहूर्त गोरज होता आणि संध्याकाळचा भोंगा बरोबर त्याच सुमाराला व्हायचा. तेव्हा भटजींनीच जाहीर केलं होतं, "भोंगा झाला की अक्षता टाका!"

मांडव भरला. आमच्या मामाने उत्साहाच्या भरात कुसुमला आधीच आणून पाटावर उभं केलं होतं. समोर अंतरपाट धरलेला. नवरदेव वसंतराव अजून मारुतीच्या देवळापाशी, घोड्यावर बसत होते. मी निघालोच होतो तिकडे. म्हटलं, जाण्यापूर्वी मांडवामागे एकदा फुंकून बघावं. एकदाच!

फुंकलं.

काय सांगू! इतके दिवस न सापडलेला आवाज सापडला. खोल, घनगंभीर, लांबलचक. कळा गंजलेल्या असल्यामुळे सूर एकच, पण काय सूर! मी डोळे मिटून श्वास संपेपर्यंत ओढला. आणि डोळे उघडले तेव्हा लक्षात आलं की हा आवाज मी रोज ऐकतो.

तो हुबेहूब भोंगा होता.

मांडवात अक्षतांचा पाऊस! मागचे टाकतात म्हणून पुढच्यांनी टाकल्या. भटजींनी घाबरून एकच मंगलाष्टक, तेही निम्मंच, म्हणून उरकलं, अंतरपाट खाली आला, आणि कुसुम हातात हार घेऊन एका रिकाम्या पाटाकडे बघत राहिली. मग तिने हळूच मान वळवली आणि मांडवामागून डोकावणाऱ्या माझ्याकडे बघितलं.

"दादा!!"

मागच्यांना यातलं काही दिसत नव्हतं. त्यांच्या लेखी लग्न लागलं होतं. ते उठले आणि पंगतीला बसले. आचाऱ्यालाही वाटलं लागलं. त्याने वाढायला घेतलं. आई "अहो थांबा, नवरा यायचाय!" म्हणून ओरडत होती आणि लोक म्हणत होते, "येऊ द्या की, बसतील दुसऱ्या पंगतीला!"

एवढ्यात हसनभाई धापा टाकत आले. नवरदेवाची घोडी त्यांची. एरवी टांग्याला जुंपलेली.

"साहेब, राणी गेली!"

"कुठे गेली?"

"गेटवर! भोंगा झाला की तिला सवारी घ्यायला गेटवर जायची सवय. रोजची! ऐकते होय कुणाचं?"

"आणि वसंतराव?"

"ते वरतीच हायेत."

पाठोपाठ वसंतरावांचे वडील, चाकणचे तात्या, फेटा सावरत पायी आले. समोर बघतात तो जिलबीची पंगत.

"आमचं पोरगं कारखान्यात, आन् तुमी जेवून ऱ्हायले? आमी न्हाई मांडवात येत! चला रं माघारी!"

मी त्यांच्या पायाशी सॅक्सोफोनसकट वाकलो. तात्यांनी एकदा त्या पितळेकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. "हे काय हाय?" मी सांगितलं. त्यानंतर ते जे बोलले ते बहिणीच्या सासऱ्यांबद्दल लिहू नये.

तेवढ्यात खरा भोंगा झाला. थोड्या वेळाने, गेटकडे परत धावलेले हसनभाई राणीला लगाम धरून घेऊन आले. वर मुंडावळ्या बांधलेले वसंतराव, आणि त्यांच्या मागे डबा घेऊन बसलेला एक अनोळखी फिटर! सवारी घेतल्याशिवाय राणी गेटवरून हलतच नव्हती म्हणे. वसंतराव घामाघूम. वॉचमनने त्यांच्याकडे तीनदा पास मागितला होता. फिटर मांडवाशी आल्यावर म्हणाला, "मला हितंच सोडा," आणि उतरून पंगतीत बसला.

भटजी पुढे धावले. "खरा भोंगा आत्ता झालाय! गोरज अजून टळली नाही. लवकर आत घ्या!"

तात्या जागचे हलेनात. "वाजत्या वाजंत्रीबिगर आमचा पोरगा मांडवात पाय ठिवायचा न्हाई. मान म्हंजे मान."

अख्ख्या वस्तीत वाद्य एकच. ते मी वाजवलं तर घोडी पुन्हा गेटवर! न वाजवलं तर तात्या पुन्हा चाकणला! वसंतरावांना खाली उतरवू म्हटलं, तर तात्या गरजले, "नवरदेव पायी? मेलो का काय आमी?" सूर्य खाली चाललेला. कुसुमच्या हातातला हार कोमेजत चाललेला. आणि ती माझ्याकडे अशी बघत होती, की आजही पाणी प्यायला उठावंसं वाटतं.

तोडगा हसनभाईंनी काढला. पाहुण्यांना द्यायला ताटात अत्तराचे फाये करून ठेवले होते. त्यांनी त्यातले मूठभर उचलले आणि राणीच्या दोन्ही कानांत ठासून बसवले. वाळ्याचं अत्तर होतं. घोडीने एक समाधानाचा सुस्कारा टाकला.

"वाजवा आता!"

मी वाजवलं. राणी गरीब गाईसारखी चालायला लागली. हे बघून भटजींनी ताटाकडे हात केला. मग तात्यांनी. मग मामाने, आईने, कुसुमने, पंगतीतल्या लोकांनी. दोन दोन, दोन्ही कानांत! वसंतरावांनी तर मुंडावळ्या बाजूला करून फाये घातले. तांदूळ पहिल्याच वेळी उधळून संपलेले, म्हणून ज्वारीच्या अक्षता पडल्या आणि लग्न लागलं. भटजींची मंगलाष्टकंसुद्धा कुणाला ऐकू गेली नाहीत. भटजींनाही नाही.

कुसुमचा संसार आजतागायत छान चाललाय. आणि मलाही त्या दिवशी माझं माउथपीस सापडलं, यात शंका नाही. आवाज अगदी मनासारखा लागला होता. मांडवात तो ऐकणारा एकटा मीच होतो, म्हणून खात्रीने सांगतो.