खोडलेलं रान

फौजेत सतरा वर्षं काढली, मग मासिक काढलं. दुसऱ्या कामात दमणूक जास्त, हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. चिंचवडच्या आमच्या दोन खोल्यांत जेवायचं टेबल हेच संपादकीय कार्यालय. जेवणाची वेळ झाली की बायको कार्यालय उचलून पलंगावर ठेवते.

यंदाच्या दिवाळी अंकाची मुद्रितं लेखकांना पाठवून दुपारी आडवा झालो. दुसऱ्या दिवशी छपाई. गुडघे, डोळे आणि उत्साह, तिन्ही एकदमच रिटायर झालेले. तेवढ्यात माणच्या, म्हणजे रानं आयटी पार्कात गेलेल्या गावच्या एका बाईंचा फोन. चाकणला कंपनीच्या कँटीनमध्ये त्या पोळ्या लाटतात. आयुष्यातला पहिला लेख त्यांनी हातानं लिहून मला दिला होता.

"दादा, माझं रान कुठं गेलं?"

"म्हणजे?"

"म्या मधली पट्टी लिवलं, म्हसोबाचं रान लिवलं. तुमी समदीकडं 'एक शेत' केलंय."

"ताई, त्यानं लेख सगळ्यांचा होतो," मी संपादकाच्या आवाजात म्हणालो.

"समद्यांचा कशाला? माझा हाय त्यो. रानात आता काचेच्या बिल्डिंगा हायत. नावं तेवढी राहिल्यात, ती बी तुमी खोडली. आसं छापायचं आसंल तर नका छापू."

फोन बंद. मी त्यांचे कागद काढले. जिथं जिथं ठिकाणाचं नाव, तिथं तिथं माझ्या पेनाचा काळा ठोकळा. उजेडाला धरूनही खालचं अक्षर दिसेना. खोडताना मी क्षणभरही विचार केला नव्हता, आणि तेव्हा लक्षात आलं, हे काम संपादकाचं नाहीच. फौजेत, सीमेवरच्या चौकीवर असताना ज्या जवानांना लिहिता येत नसे त्यांची पत्रं मी लिहून द्यायचो. नियम एकच होता, ठिकाणाचं नाव नको. कुणी सांगण्याच्या ओघात बोललाच आणि माझ्या हातून लिहिलं गेलं, तर असंच काळं करायचं. साहित्यसेवा म्हणून मिरवतोय ती वीस वर्षं ही असली.

बायकोनं कागद पाहिला. "बाईंचं राहू द्या. तुम्ही स्वतः तरी फौजेत कुठं होता, कधी सांगितलंत? शेजारणींना मी वर्षानुवर्षं 'वर, उत्तरेला' एवढंच सांगत आले."

मी सांगितलं. चौकीचं नाव आणि तिच्या खालचा नालासुद्धा. तिनं "बरं" म्हटलं आणि कार्यालय टेबलावरून उचलायला लागली.

"थांब. अजून काम आहे."

बाईंना फोन लावला. "ताई, चुकलो. खोडलेलं मलाच वाचता येईना. तुम्ही सांगा, मी लिहून घेतो."

पलीकडं लाटणं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"वढ्यापासनं धरू का वरनं?"

"तुम्ही चालत जायचा तसं."

"मग वढा. त्येच्या अंगाला मधली पट्टी. लिवलं का?"

"लिहिलं," मी म्हणालो, आणि पुढचं पान घेतलं.