महायुद्धाचे साहित्य आणि कृती

पंख्याच्या पात्यावर धूळ सगळीकडे सारखी बसत नाही. हवा कापत जाणाऱ्या कडेवर ती दाट असते, करड्या लोकरीचा काठ लावावा तशी. मागची कड जवळजवळ स्वच्छ राहते. पंखा फिरत असताना हे कळत नाही. आता वीज गेली आहे, पाती मंदावत चालली आहेत आणि मी चटईवर उताणी पडून तो काठ हळूहळू उघडा पडताना पाहते आहे.

रविवारची दुपार आहे. जयसिंगपुरात या वेळी कुत्रीसुद्धा भुंकायचा कंटाळा करतात. पलीकडच्या खोलीत समृद्धी आहे. ती माझ्या थोरल्या बहिणीची, सुनंदाअक्काची मुलगी. अक्का गेल्या वर्षी गेली. समूचे वडील मस्कतला नोकरी करतात, म्हणून ती माझ्याकडे असते. बारावीला आहे. आई इतिहास शिकवायची म्हणून तिने इतिहास घेतला, आणि सराव परीक्षेत ती नेमकी इतिहासात नापास झाली. बुडवलं ते पहिल्या महायुद्धाच्या मोठ्या प्रश्नाने. आज सकाळी पोह्यांची बशी बाजूला सारून ती म्हणाली, "मावशी, मी इतिहासाचा पेपर देणार नाही. वर्ष गेलं तर जाऊ दे."

मी म्हणाले, "बघू."

मदत शोधली नाही असं नाही. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून झाले. त्यातला माणूस इतक्या वेगाने बोलतो, की प्रत्यक्ष युद्ध त्याच्यापेक्षा सावकाश झालं असावं. सांगलीतला एक क्लास लावला. तिथले सर उत्तरं सांगतात, मुली उतरवून घेतात आणि पाठ करतात. समूला पाठ होत नाही. शेवटी मीच शिकवायला बसले. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत माझं आयुष्य गेलं आहे. मला एकच पद्धत येते, तीच मी तिला दिली.

राहता राहिल्या खटावकर बाई. दोन गल्ल्या सोडून राहतात, अक्काच्याच शाळेतून निवृत्त झाल्या आहेत आणि त्यांच्या हाताखालून गेलेली मुलगी इतिहासात अडत नाही असं गावात म्हणतात. समूने त्यांचं नाव अनेकदा काढलं आहे. मी दर वेळी "बघू" म्हणाले आहे. अक्का आणि त्या एकाच स्टाफरूममध्ये नोकरीभर बसल्या आणि एकमेकींशी शिपायामार्फत बोलल्या. त्यांच्या दारात अक्काची मुलगी नेऊन उभी करायची तर आधी अक्काला विचारायला हवं. ते आता शक्य नाही. माझं घोडं तिथे अडलं आहे.

पाती थांबतात. थांबण्याआधी जराशी मागे येतात.

"तुझ्या पंख्याला कधी ओलं फडकं लागतं की नाही गं, शशे?"

अक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून मेथी निवडते आहे. अंगावर शाळेतली निळी सुती साडी, पदर कमरेला खोचलेला. मला नवल वाटत नाही. ती नाही, हे मला माहीत आहे. ती आहे, हे दिसतं आहे. दोन्ही नोंदी शेजारी शेजारी राहतात आणि एकमेकींना खोडत नाहीत.

"वीज गेली की पुसेन," मी म्हणते.

"आता गेलीच आहे की."

"मग आली की पुसेन."

"म्हणजे बघू!" अक्का हसते. मेथीची काडी माझ्या दिशेने फेकते. काडी पडल्याचा आवाज येत नाही. "समूचा पेपर दाखव."

पेपर माझ्या हातात आहे. कधी घेतला ते मला माहीत नाही. अक्का मेथीचे हात पदराला पुसते आणि वाचू लागते. मोठ्याने, वर्गात वाचायची तशी.

"उद्देश: पहिल्या महायुद्धाचा अभ्यास करणे. साहित्य: दोन परस्परविरोधी गट, तोफा, खंदक, क्लोरीन वायू. कृती: प्रथम दोन्ही गट एकमेकांच्या संपर्कात आणावेत..." ती थांबते. चष्म्यावरून माझ्याकडे बघते. "शशे, हे महायुद्ध आहे की शंकरपाळे?"

"तिला क्रम कळावा म्हणून मी..."

"आणि हे बघ. निरीक्षण: बरीच जीवितहानी दिसून आली. अनुमान: युद्ध वाईट असते." अक्का पेपर मांडीवर ठेवते. हसून हसून तिचे खांदे हलताहेत. "तपासणाऱ्याने लिहिलंय, हा इतिहासाचा पेपर आहे, प्रयोगाचं जर्नल नव्हे. बरा माणूस दिसतो. मी असते तर तुलाच बाकावर उभी केली असती."

"मग तूच शिकव की."

मी हे सहज बोलते, मीठ दे म्हणावं तितक्या सहज. अक्का उठते. उंबऱ्यापलीकडे स्वयंपाकघर नसून तिचा वर्ग आहे. बाक आहेत, खिडक्यांना हिरवी जाळी आहे, पण ओट्यावरची कढई तशीच एका बाकावर आहे आणि तिच्यात फोडणी तडतडते आहे. कोणाला त्याचं काही वाटत नाही. मी पहिल्या बाकावर बसते. बाक मला लहान होतो.

अक्का फळ्यापाशी जाते. "विचार."

"युद्ध का झालं?"

"ठिणगी पडली म्हणून."

"ठिणगी रोज पडते. दर वेळी पेट घेत नाही."

"बरोबर. पेट घ्यायला आधी तेवढी ऊर्जा साठलेली लागते. युरोपात ती साठली होती. करार, कारखाने, वसाहती. मग साराजेवोला गोळी झाडली गेली आणि साखळी अभिक्रिया..."

मी हात वर करते. वर्गात दुसरं कोणी नाही, तरी करते.

"अक्का, हे माझं वाक्य आहे."

"असेल."

"असेल नाही, आहे. असंच्या असं मी समूला सांगितलं होतं. ऊर्जा, साखळी, सगळं."

अक्का खडू बोटांत फिरवते. कढई तडतडते. मला भीती वाटत नाही, फक्त एक शंका येते. आणि शंका आली की मी काय करते ते मला ठाऊक आहे. ज्याचं उत्तर माझ्यापाशी नाही असं काहीतरी विचारायला हवं.

"समू सांगते, युद्धाच्या धड्याला तू पुस्तक मिटून ठेवायचीस. आधी काहीतरी सांगायचीस, आणि तास संपल्याची घंटा झाली तरी मुली उठायच्या नाहीत. समू तेव्हा लहान होती, मागच्या बाकावर बसून चित्रं काढायची. तिला शब्द आठवत नाहीत, गप्प झालेला वर्ग तेवढा आठवतो. काय सांगायचीस तू?"

अक्का तोंड उघडते. तिचे ओठ हलतात. वाक्य लांब आहे, मध्ये ती हाताने काहीतरी दाखवते, लहान मुलाची उंची दाखवावी तसं. मला ऐकू येत नाही. ती फळ्यावर लिहू लागते. खडू फळ्यावर टेकतो, सरकतो, पण उमटतात त्या नुसत्या रेघा. अक्षराच्या जागी अक्षराएवढीच काहीतरी खूण.

"मोठ्याने बोल," मी म्हणते.

"मोठ्यानेच बोलतेय."

"मग ऐकू का येत नाही?"

"तू त्या वर्गात कधी बसलीस, शशे?" ती रागावलेली नाही. विद्यार्थिनीला चूक दाखवावी, तेवढंच. "तुला जेवढं येतं तेवढंच आता मला येतं. त्याच्यापुढचं मी कुठून आणू?"

हे उत्तर मला पटतं. पटतं म्हणूनच असेल, बाक थंड लागू लागतो. पाय घोट्यापर्यंत पाण्यात आहेत. कृष्णेचा घाट आहे, पाणी उन्हाळ्यातलं, संथ. अक्का साडी जरा वर धरून पायरीवर उभी आहे. माझ्या हातात नमुन्याची बाटली आहे आणि ती भरायची की रिकामी करायची ते मला ठरवता येत नाही.

"खटावकर बाई अजून जमिनीवर नकाशा काढतात म्हणे," मी म्हणते.

अक्काचं नाक वर जातं. जिवंतपणी जायचं तसंच. "काढू देत. खडूने युरोप काढायचा आणि त्यात धान्य मांडायचं. मुगाची डाळ म्हणजे जर्मनी, हरभरे म्हणजे रशिया. पोरींनी तळहाताने डाळ पुढे सरकवायची. तास संपला की सगळं एकत्र भरायचं. मी म्हणायची, बाई, तुमचं महायुद्ध संपलं की घरी खिचडी का हो?"

"शिपायामार्फत म्हणायचीस?"

"मग काय! तो बिचारा दारात उभा राहून सांगायचा, मगदूम मॅडमनी खिचडीचं विचारलंय."

आम्ही दोघी हसतो. पाण्यावर हसण्याचा आवाज लांब जातो आणि पलीकडच्या तीरावरून परत येत नाही.

"तू गेलीस तेव्हा त्या भेटायला आल्या होत्या," मी सांगते. "तुझ्या खुर्चीकडे बघत बसल्या. निघताना म्हणाल्या, पोरीला काही अडलं तर माझं दार उघडं आहे. मी नुसते हात जोडले."

अक्का पाण्याकडे बघते.

"समूला पाठवू का त्यांच्याकडे?"

ती पायाच्या अंगठ्याने पाणी ढवळते.

"अक्का, ती पेपरच देणार नाही म्हणते. पुस्तकं आवरायला लागलीय. मोबाइलचा उपयोग नाही, क्लासचा नाही, माझा तर नाहीच. तू हो म्हण. तू एकदा हो म्हणालीस की मी आत्ता उठते."

"हो," अक्का म्हणते.

एवढं सोपं होतं तर. मी बाटलीचं झाकण लावू लागते. झाकण बसत नाही.

"काय झालं? हो म्हटलं की."

"कोणी म्हटलं?" मी विचारते.

अक्का माझ्याकडे वळते. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर मला न ओळखता येणारं काहीतरी आहे. ते ओळखायला मी जवळ जाते. मेथीचा उग्र वास येतो.

"तेच तर," ती म्हणते. "मी हो म्हटलं काय आणि नाही म्हटलं काय, बोलणारी तूच. माझ्या तोंडून वदवून घेतेस होय गं? मग उद्या पोरगी पुन्हा अडली की म्हणशील, अक्काच म्हणाली होती."

"मग मी कुणाला विचारू?"

"विचारतेस कशाला सारखी!"

आणि ती माझ्या दंडाला चिमटा काढते. मागच्या बाजूला, काखेच्या खाली, जिथे मांस मऊ असतं तिथे; करकचून आणि जरासा पिरगाळून. लहानपणी प्रवचनात मी चुळबुळ केली की ती असाच काढायची, समोर बघत, चेहऱ्यावर काही न दाखवता. पाणी, पायरी, निळी साडी, सगळं त्या एका दुखऱ्या ठिकाणी गोळा होतं.

माझे डोळे उघडे आहेत. वर पाती आहेत, मग पाती नाहीत, नुसतं गरगरणारं करडं वर्तुळ आहे. वीज आली आहे.

मी उठून बसते. दंड दुखतो आहे. आरशापाशी जाऊन हात वर करून बघते. मागच्या बाजूला लाल डाग आहे आणि त्यात नखाची कोर, बारीक चंद्रासारखी. चटईची काडी रुतली असेल. पण चटईची खूण सरळ असती. झोपेत माझंच नख लागलं असेल. उजव्या हाताने तिथे पोचता येतं का ते मी पाहते. पोचता येतं. पण माझी नखं कापलेली आहेत. प्रयोगशाळेत वाढवलेली चालत नाहीत. मी ते नख त्या कोरेवर ठेवून बघते. जुळत नाही. एका निरीक्षणावरून काही ठरत नाही, हे मला कळतं. मी बाही खाली ओढते.

पलीकडच्या खोलीत दोरीचा आवाज येतो. समू जमिनीवर बसून इतिहासाची पुस्तकं बांधते आहे. दोरीची गाठ तिने दातांत धरली आहे. मी दारात उभी राहते, तरी ती वर बघत नाही.

"समू."

"मावशी, प्लीज. मी सांगितलंय ना सकाळी."

"ऐकलं मी."

"मग?" ती गाठ आवळते. "तू आता बघू म्हणणार. म्हण."

तिची मान खाली आहे. भांग अक्का पाडायची तसाच, किंचित डावीकडे. हे आठवून मला काही मदत होत नाही. घरात आम्ही दोघीच आहोत, आणि बोलायचं मलाच आहे. आवाज नीट निघेल याची खात्री नाही, म्हणून मी तो जरा चढवते.

"ती दोरी सोड आणि तोंड धुऊन घे. आपण आत्ता खटावकर बाईंकडे जातोय."