रुग्णाला विचारून भरावे

“धा वर्स खर्रा खात होती तू, तं मले एकडाव तरी सांगाचं होतं.”

दवाखान्यातल्या आमच्या खोलीबाहेरच्या बाकावर एक माणूस आपल्या बायकोला म्हणाला. हळू म्हणाला. रागावून म्हणाला असता तर मला सोपं गेलं असतं — तो दुखावून म्हणाला. दार अर्धं उघडं होतं. मी आत कॉम्प्युटरसमोर बसले होते, दोन्ही हात मांडीवर, नजर स्क्रीनवर.

बायको काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. की मी ऐकलं नाही?

ही गोष्ट मी आजवर आईला सांगितलेली नाही, मैत्रिणीला नाही, माझ्या वहीतसुद्धा लिहिलेली नाही. सांगायला लागले की मी दुसरंच काही सांगत सुटते. त्या वर्षी कपाशीवर फवारणी करता करता माणसांना विषबाधा होत होती, वॉर्डात खाटा पुरत नव्हत्या, डोळ्यांवर ओल्या पट्ट्या ठेवून माणसं ओळीनं पडलेली असायची, आम्हाला डबा खायला वेळ नव्हता… हे सगळं खरं आहे. पण त्या दुपारी मला वेळ होता. मी नुकतीच चहा पिऊन आले होते. तेव्हा गर्दीचं राहू द्या.

यवतमाळच्या एका खासगी दवाखान्यात मी विम्याच्या टेबलावर होते. रुग्णाचे कागद कंपनीकडे पाठवायचे, मंजुरी आली की ऑपरेशन. पण पाठवण्याआधी ते एका सॉफ्टवेअरमधून जायचे. डॉक्टरांची नोंद, तपासण्या, वय, आजार — सगळं एकमेकांशी जुळतंय का ते बघायचं. जुळलं नाही तर लाल, शंका असली तर पिवळं, जुळलं तर हिरवं. आमच्याकडचे गजूभाऊ, जे फायली वर-खाली नेत, त्या सॉफ्टवेअरला ‘मास्तर’ म्हणत. “मॅडम, मास्तरनं पास केलं का नापास?” — रोज सकाळी हेच.

मला ते काम आवडायचं, कारण त्यात कुणाशी बोलावं लागत नव्हतं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. घरी ‘मले-तुले’ म्हटलं की ओरडा बसायचा. त्यामुळे झालं असं, की इंग्रजी यायची, पुस्तकातली मराठी यायची, आणि वॉर्डातल्या माणसांशी बोलायची वेळ आली की तोंडून तीच पुस्तकी वाक्यं निघायची. मी काही विचारलं की ते एकमेकांकडे बघायचे, मग मला “म्याडम” म्हणायचे. गजूभाऊ सगळ्यांना सांगत, “आमच्या मॅडम इंग्रजीत चूप राह्यतात.” मीही हसायचे.

पण फॉर्ममध्ये चार रकाने असे होते, की त्यांच्यावर लिहिलेलं होतं — रुग्णाला विचारून भरावे. त्रास कधीपासून? आधी कुठे उपचार? घरात कुणाला हा आजार? तंबाखू, खर्रा खाता का, किती वर्षं? त्यासाठी वर जायचं, खाटेजवळ उभं राहायचं, आणि विचारायचं. पहिले दोन महिने मी गेले. मग एकदा नाही गेले. मास्तरला काही कळलं नाही. त्याला रकाना भरलेला आहे एवढं दिसायचं. तो विचारून भरलाय की नाही, हे त्याला कसं दिसणार? आणि हळूहळू मला हेही कळलं, की काय भरलं की तो लगेच हिरवा होतो. त्याला खरं-खोटं ओळखता येत नव्हतं. पटण्यासारखं असलं की झालं.

माझे सगळे फॉर्म पहिल्या फटक्यात पास होऊ लागले. आमच्या विभागाच्या प्रमुख सरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं.

कुसुमताईंचे कागद आले तेव्हा त्या आमच्याच खोलीसमोर खुर्चीत बसल्या होत्या. केळापूर तालुक्यातल्या, पांढरकवड्यापलीकडच्या एका गावच्या. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादम. हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या जवळजवळ बंद झालेल्या. बचत गटानं सगळ्या बायकांचा मिळून विमा काढलेला होता. माझ्यापासून त्या दहा पावलांवर होत्या — काचेच्या पलीकडे. दहा पावलं!

बीपी नाही, साखर नाही, तंबाखूचा रकाना रिकामा. मास्तर पिवळा — कारणाशिवाय एवढा आजार त्याला पटत नव्हता. मी काचेतून पाहिलं. कुसुमताई शेजारच्या बाईशी काही बोलून हसल्या, आणि मला त्यांचे दात दिसले. तपकिरी, डागाळलेले.

मी लिहिलं — तंबाखू : होय. किती वर्षं हेही त्याला लागायचं. दहा लिहिलं. दहाच का? सांगता येत नाही. तो आकडा बरा वाटला.

हिरवं झालं.

चौथ्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं. विमा काढताना रुग्णानं तंबाखू खात नसल्याचं लिहून दिलं होतं, दवाखान्याच्या नोंदीत दहा वर्षांचं व्यसन आहे. माहिती लपवली, मंजुरी नाही. तो विम्याचा जुना अर्ज कंपनीकडे होता. मास्तरनं तो कधी पाहिलाच नव्हता, आणि मीही.

ते उत्तर नवऱ्याला सांगितलं गेलं, आणि त्यानंतरचं ते बाकावरचं बोलणं. मग सरांनी दोघांना आत बोलावलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, की ही नोंद कुणी दिली?

इथवर मी जे केलं तो आळस म्हणता येईल, भिडस्तपणा म्हणता येईल. मी स्वतःला बरेच दिवस तसंच म्हणत होते. पण सरांनी विचारलं, तेव्हा खोलीत त्या बाई होत्या, माझ्यापासून हातभर अंतरावर. आणि मी इंग्रजीत बोलले. सरांशी मी एरवी मराठीतच बोलायचे. त्या क्षणी इंग्रजी का आली, हे मला पक्कं ठाऊक आहे — त्यांना कळू नये म्हणून.

“पेशंट हरसेल्फ टोल्ड मी, सर.”

सर त्यांच्याकडे वळले आणि म्हणाले, की बाई, तुम्हीच सांगितलं म्हणतात या.

“म्या? कोनाले सांगतलं?” कुसुमताईंनी माझ्याकडे पाहिलं. “या पोरीले तं म्या आजच पाहून राह्यली.”

सर म्हणाले, गोळ्यांनी कधी कधी आठवत नाही. नवऱ्यानं मान खाली घातली. मी चूप. मराठीतही आणि इंग्रजीतही.

नोंद चुकून झाली, असं दवाखान्यानं दोन ओळींचं पत्र दिलं असतं तर कंपनीनं फेरविचार केला असता. त्या पत्राचा नमुना माझ्याच कॉम्प्युटरवर होता. खाली सही मात्र नोंद करणाऱ्याची लागायची, आणि मग कुणीतरी विचारलं असतं — बाकीचे फॉर्म कसे भरले? मी ती फाईल उघडली होती. दोनदा. आणि बंद केली होती. ते दोघं त्याच दिवशी घरी गेले.

पुढचं मला गजूभाऊंकडून कळलं. त्यांची सासुरवाडी तिकडचीच. ऑपरेशन अखेर नागपूरच्या सरकारी दवाखान्यात झालं, पण पाच महिन्यांनी. तोवर हृदय अशक्त होऊन गेलं होतं. आता पाण्याची बादली उचलवत नाही म्हणे. गजूभाऊ तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटता घोटता हसत सांगत होते, की मॅडम, गंमत ऐका, याच बाईनं बायका जमवून शाळेजवळची खर्र्याची टपरी बंद पाडली होती. पंचशील पाळा म्हणून गावाला सांगत फिरायची. विम्याचं गावात कळलं, आता तिनं तोंड उघडलं की लोक म्हणतात, “बाई, आंधी आपलं तोंड पाह्य.” मग तिनं बोलणंच सोडलं.

मी हसले का तेव्हा? बहुतेक हसले. मला आठवत नाही असं म्हणायचा मोह होतो. हसले.

नोकरी सोडल्यावर दीड वर्षानं मी त्या गावी गेले. एसटीनं पांढरकवडा, पुढे ऑटो. शाळा सुटली होती. मुलं ऑटोच्या मागे धावत होती, हसत होती — आणि एकेकाचे दात तपकिरी. सहा-सात वर्षांची मुलं. मी ऑटोवाल्याला विचारलं. तो म्हणाला, की बोअरच्या पाण्यानं होतं, इकडे सगळ्यांचेच असे. आणि सहज ओठ मागे ओढून त्यानं आपलेही दाखवले.

परत फिर म्हणावं, असं मला वाटलं. हेही लिहून ठेवते.

कुसुमताई ओसरीवर बसून तूर निवडत होत्या. खूप बारीक झाल्या होत्या. आतल्या खोलीत न विकलेला कापूस भिंतीला लागून रचलेला होता, नवरा अंगणात फवारणीचा पंप खोलून बसला होता. “जयभीम. कोन पाह्यजे, पोरी?” त्यांनी मला ओळखलं नाही. नातीला हाक मारून मला पाणी द्यायला लावलं. मी पेला हातात धरला, प्यायले नाही. नवऱ्यानं वर पाहिलं, पुन्हा पंपात डोकं घातलं. त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलायचं, असं मी वाटेत ठरवलं होतं. एवढ्या मोठ्यानं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

“काका, तुम्हीही ऐका. यवतमाळच्या दवाखान्यात विम्याच्या टेबलावर मी होते. काकूंनी तंबाखूचं मला कधीच सांगितलं नव्हतं. मी त्यांना विचारलंच नव्हतं. मी मनानंच लिहिलं, आणि साहेबांनी विचारलं तेव्हा काकूंच्या समोर उभी राहून, त्यांना कळू नये म्हणून इंग्रजीत, खोटं बोलले.”